एक अंश डावीकडे

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या घरांत मोकळा हॉल वर्षातून एकदाच दिसतो, दिवाळीच्या साफसफाईत. दिवाण गॅलरीच्या दाराशी सरकतो, टीव्हीचं कपाट भिंतीपासून ओढलं जातं, गाद्या गच्चीवर उन्हाला पडतात आणि अकरा बाय सोळाची खोली एकदम मोठी वाटायला लागते. आमच्या आठवीतल्या भाचीनं नेमकी हीच वेळ साधली. तिच्याकडे तळहाताएवढं, लॅपटॉपवर कोड लिहून उडवायचं ड्रोन आहे. जुनं, दोन हातांतून फिरून आलेलं. खाली गुलमंडीकडून पैठणगेटकडे खरेदीला निघालेल्या माणसांची रेटारेटी चालू होती आणि वर ही बया मोजून तीन आज्ञा लिहून बसली होती: वर ऊठ, दहा सेकंद थांब, खाली उतर.

ड्रोन उठलं, मीटरभर वर गेलं, क्षणभर थबकलं. मग कुणी हाक मारल्यासारखं डावीकडे निघालं. सुरुवातीला अगदी सावकाश, मग जरा वेगानं, आणि शोकेसच्या काचेवर आपटून खाली पडलं.

"मामा, मी याला जा म्हटलंच नाही. तरी हे जातंय!"

घरात प्रत्येकाकडे औषध तयार होतं. आजींनी छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं. दाजींचं मत पडलं की मोटर गेली. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा दारातूनच म्हणाला, "ट्रिम मार ना दोन क्लिक उजवीकडे, विषय संपला." पोरीच्या आईला, म्हणजे ताईंना, हा सगळा प्रकार लॅपटॉपमधल्या कोडचा वाटत होता. गंमत अशी की यातलं कुठलंही कारण खरं असू शकत होतं. ड्रोन एका बाजूला ओढणं हा ताप आहे, रोग नव्हे. त्यामागं पाच-सात वेगळी दुखणी असतात आणि लक्षण सगळ्यांचं एकच.

चार पंख्यांच्या ड्रोनला चाकं नाहीत, सुकाणू नाही. पुढं जायचं तर नाक खाली, डावीकडे जायचं तर डावी बाजू खाली. झुकणं हीच त्याची चालण्याची एकमेव रीत. पंख्यांचा जोर त्याच्या पाठीशी काटकोनात लागतो. पाठ झुकली की त्या जोराचा थोडा हिस्सा आडवा लागतो. किती, ते दहावीच्या त्रिकोणमितीनं काढता येतं: गुरुत्वाचे ९.८ गुणिले कोनाचा टॅन. एका अंशाला उत्तर येतं सुमारे ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग. आकडा किरकोळ दिसतो. पण हवेचा विरोध बाजूला ठेवला तर तो पाच सेकंदांत ड्रोनला दोन मीटरच्या पुढे नेतो आणि दहा सेकंदांत साडेआठ मीटर. अकरा फुटी हॉलची रुंदी साडेतीन मीटरही भरत नाही. खोलीच्या मध्यातून उठलेल्या ड्रोनला अर्धा अंशसुद्धा सहा-सात सेकंदांत भिंत दाखवतो. भाचीच्या ड्रोनची चाल आठवून पाहिली तर हिशेब जुळत होता: आधी सावकाश, मग वेगात. सतत लागणाऱ्या छोट्या जोराची हीच खूण.

तळहातावर स्टीलचं ताट धरून त्यात मधोमध गोटी थांबवून पाहावी. ताट सपाट आहे असं आपल्याला कितीही वाटलं तरी गोटीला पटत नाही. ड्रोनची अवस्था तीच आहे, फक्त त्याला ताटाची कडही नाही. घड्याळाचा लंबक ढकलला तर परत मध्यावर येतो, कारण त्याला मध्य आहे. हवेतल्या ड्रोनला मध्य नसतो. एकदा सरकलं की सरकत राहायचं, कुणीतरी उलट झुकवून थांबवेपर्यंत.

हे "कुणीतरी" म्हणजे आत बसलेली काही मिलिमीटरची चिप. त्यात दोन जण राहतात. जायरो सांगतो की ड्रोन किती वेगानं वळतंय. तो चपळ, पण त्याच्या बारीक चुका साठत जातात आणि काही वेळानं त्याला खालचं-वरचं नीट आठवत नाही. अ‍ॅक्सेलरोमीटर सांगतो की जमीन कुठल्या दिशेला आहे. तो विसरत नाही, पण मोटरींच्या थरथरीनं बावचळतो. फर्मवेअर दोघांचं ऐकून, क्षणाक्षणाला जायरोवर आणि लांबच्या मुदतीत अ‍ॅक्सेलरोमीटरवर विश्वास टाकून, एक कोन ठरवतं. हा कोन बराच चांगला येतो. अडचण वेगळीच आहे. कोन म्हणजे जागा नव्हे. पाठ सपाट आहे एवढं कळलेल्या ड्रोनला आपण दिवाणावर आहोत की शोकेसपाशी, याच्याशी काही देणंघेणं नसतं. खोलीतली हवा सरकली तर तेही सपाट पाठीनं तिच्याबरोबर सरकतं.

ही रड नवी नाही. १९०७ साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी शार्ल रिशे यांच्या साथीनं चार मोठ्या चक्रांचं यंत्र माणसासकट जमिनीवरून उचललं, जेमतेम अर्ध्या-पाऊण मीटरवर. पण ते उडताना चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी होती, ते कलंडू नये, भरकटू नये म्हणून. १८ डिसेंबर १९२२ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या मॅककुक मैदानावर जॉर्ज द बोथेझात यांचं चार चक्रांचं हेलिकॉप्टर एक मिनिट ४२ सेकंद हवेत राहिलं आणि त्या वेळात वाऱ्याबरोबर वाहत गेलं. उचलण्याइतका जोर त्यांच्यापाशी होता. कमी पडला तो दर सेकंदाला शेकडो वेळा कोन पाहून चारही चक्रांचा जोर बदलणारा मेंदू. तो स्वस्त आणि नखाएवढा झाला, तेव्हा कुठे चार कोपऱ्यांची चार माणसं सुटली. 'थ्री इडियट्स'मध्ये २००९ साली खिडकीबाहेर तरंगणारं जे ड्रोन मराठी घरांनी पाहिलं, ते आयआयटी मुंबईच्या मुलांनी काढलेल्या आयडियाफोर्जचं होतं. ड्रोन हवेत एका जागी थांबतं हे आपल्यापैकी अनेकांनी पहिल्यांदा तिथं पाहिलं. तेव्हापासून आपण समजून चाललो की थांबणं हा त्याचा स्वभावच आहे. तो नाही.

आता हॉलकडे. औषध देण्याआधी एक तपासणी करायची असते आणि तिला एक पैसा लागत नाही. ड्रोन जमिनीवरच काटकोनात फिरवून ठेवायचं आणि तोच कोड पुन्हा चालवायचा. आधी नाक खिडकीकडे होतं आणि ड्रोन डावीकडे, म्हणजे शोकेसकडे गेलं. आता नाक शोकेसकडे केलं. ते पुन्हा आपल्या डावीकडे, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराकडे गेलं, तर दोष ड्रोनच्या अंगात. ते पुन्हा शोकेसकडेच, म्हणजे या वेळी नाकाच्या दिशेनं गेलं, तर दोष खोलीत: हवा, उजेड, फरशी. एवढ्या एका प्रश्नानं अर्ध्या शक्यता गळून पडतात. ड्रोन शिकवणाऱ्या शाळांच्या लॅबमध्ये कोड दाखवण्याआधी ही चाचणी घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. मुलांना उडवायला आधी शिकवतात आणि भरकटण्याचं काय करायचं, ते नंतर ज्याचं त्यानं पाहायचं.

चाचणीचं उत्तर मात्र पुस्तकी आलं नाही. ड्रोन स्वयंपाकघराकडे गेलं खरं, पण जाताना थोडं शोकेसकडेही कललं. म्हणजे अंगातही दोष आणि खोलीतही.

खोलीचा दोष आधी काढला, कारण तो सोपा. छताचा पंखा बंद होता, पण गॅलरीचं दार उघडं होतं आणि समोर स्वयंपाकघराची खिडकी. दार लावलं आणि पाच मिनिटं थांबलो. हे थांबणं गरजेचं असतं, कारण लहान खोलीत ड्रोन स्वतःच हवा घुसळतं. खाली फेकलेला झोत फरशीवर पसरतो, भिंतीला लागून वर चढतो आणि परत त्याच्याच डोक्यावर येतो. लागोपाठ उड्डाणं केली की आपण ड्रोनची नाही, त्याच्या मागच्या उड्डाणाची परीक्षा घेत असतो. भिंतीजवळ हा फेरा एकाच बाजूनं जोर धरतो, म्हणून भिंतीलगत गेलेलं ड्रोन आणखी भिंतीकडे ओढलं जातं. आणि फरशीपासून वीतभर उंचीवर तरंगवून तर चाचणी कधीच घेऊ नये. तिथं खालची हवा दबून उशी तयार होते आणि ड्रोन त्या उशीवरून घसरतं. निदान मीटरभर वर न्यावं. दार लावल्यावर शोकेसकडचा कल गेला. आजी बरोबर निघाल्या, फक्त पंख्याऐवजी दार. उरला तो ड्रोनचा स्वतःचा डावेपणा.

मग अंग तपासलं. चार प्रॉपेलरपैकी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतले घड्याळाच्या दिशेनं फिरतात, उरलेले दोन उलट. त्यामुळे पाती दोन जातींची असतात आणि त्यांवर बारीक अक्षरात ए-बी किंवा तशी खूण असते. चुकीच्या जागी चुकीची जात बसली की ड्रोन उठतच नाही, त्यामुळे ती चूक लपत नाही. लपतात त्या लहान गोष्टी: टोकाशी किंचित मुडपलेलं पातं, दांडीवर पूर्ण खाली न बसलेलं पातं, खोबणीत एका बाजूला राहिलेली बॅटरी. आमच्या भाचीनं एका बाजूला चमकीचं स्टिकर लावलं होतं. स्टिकरचं वजन ते काय, पण साठ-ऐंशी ग्रॅमच्या वस्तूत ग्रॅमभराला किंमत असते.

डाव्या मागच्या मोटरीचं पातं बोटानं फिरवलं तर बाकीच्यांपेक्षा लवकर थांबत होतं. ड्रोन घेऊन पैठणगेटला गेलो. तिथल्या मोबाइल दुरुस्तीच्या एका टेबलावर कारागिरानं ते भिंगाखाली धरलं, चिमट्यानं काहीतरी ओढलं आणि हातावर ठेवलं: लांब केस, दांडीभोवती गुंडाळून मोटरीच्या तोंडाशी घट्ट झालेला. "बाल फँसा है साब, और कुछ नहीं." ड्रोन त्याचं काम नव्हतं, पण मोटर ओळखीची होती. फोन थरथरवणाऱ्या नळीच्या आकाराच्या छोट्या मोटरी याच जातीच्या असतात: आत लोखंडी गाभा नाही, नुसती तारेची टोपली फिरते, म्हणून हलक्या आणि चपळ. त्यांच्या ब्रशचं आयुष्य मात्र थोडं. असं ड्रोन मोजक्या तासांतच मोटरी खातं आणि चारही एकाच वेळी झिजत नाहीत. कुठली झिजली, हे ओळखायची कारागिराची रीत साधी होती: उड्डाणानंतर लगेच चारही मोटरींना बोट लावा, जी जास्त तापली ती जास्त राबतेय.

केस निघाला. दाजी खूश झाले. घरी येऊन उडवलं, तर ड्रोन तसंच डावीकडे.

इथं विचार करण्यासारखं काही आहे. एखादी मोटर थोडी कमजोर असली तरी ड्रोननं एका बाजूला जायचं काही कारण नसतं. तो कोपरा खचायला लागला की जायरो ओरडतो, मेंदू त्या मोटरीला जास्त वीज देतो आणि पाठ पुन्हा सपाट होते. कमजोरी उघडी पडते ती बॅटरी उतरल्यावर, जेव्हा त्या मोटरीला जास्त द्यायला काही शिल्लकच राहत नाही. म्हणून दुसरी तपासणी: भरलेल्या बॅटरीवर आणि उतरलेल्या बॅटरीवर ओढ सारखीच आहे का? बॅटरी उतरेल तशी ओढ वाढत असेल तर मोटर, पातं, वजन यांच्याकडे पाहावं. पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत ओढ एकसारखी असेल तर अंग निर्दोष आहे. चूक आहे ती त्याच्या समजुतीत. आमचं दुसऱ्या जातीत बसत होतं. ड्रोनची पाठ एका अंशानं डावीकडे कललेली होती आणि ड्रोनला मनापासून वाटत होतं की आपण सपाट आहोत.

"तू याचं कॅलिब्रेशन कुठं केलंस गं?"

"गॅलरीत. तिथं उजेड होता."

कॅलिब्रेशन म्हणजे ड्रोन स्थिर ठेवून त्याला सांगायचं: आत्ता तू जसा आहेस, त्याला सपाट म्हण. ते बिचारं आज्ञाधारक असतं. गॅलरीच्या फरशीला पाणी जाळीकडे निघून जावं म्हणून गवंडी मुद्दाम ढाळ देतो. मीटरला एक सेंटिमीटर ढाळ डोळ्याला दिसतही नाही, पण तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच भरतो. जुन्या इमारतीत फरशी बसली की ढाळ वाढतो. ड्रोनची डावी बाजू जाळीकडे होती. त्यानं गॅलरीचा ढाळ डोक्यात साठवला आणि हॉलमध्ये उठलं की तो ढाळ इमानेइतबारे धरून राहिलं.

ताईंच्या शेजारी फ्लॅटचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींकडून पाणसळ आणली. हॉलच्या फरशीवर बुडबुडा मध्यावर राहीना, जेवणाच्या टेबलावरही नाही. वीस सेंटिमीटरच्या अंतरात साडेतीन मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. आपल्या घरांतलं फर्निचर एवढं सहज चुकतं. शेवटी काचेचा एक तुकडा घेतला, त्याखाली कागदाच्या घड्या सारल्या, बुडबुडा लांबीनं आणि रुंदीनं दोन्हीकडून मध्यावर आणला आणि त्यावर ड्रोन ठेवून कॅलिब्रेशन केलं. काच यासाठी की तिला स्वतःचा बाक नसतो. आणि तेव्हा मोटरी गार असाव्यात, ड्रोन चालू होऊन मिनिटभर झालेलं असावं. चिप तापताना जायरोचा शून्य थोडा सरकतो.

त्यानंतर ड्रोन जागेवर थांबलं असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. ते थांबलं नाही. पण आधी सात सेकंदांत भिंत गाठायचं, ते आता वीस सेकंद खोलीत रेंगाळत होतं, कधी इकडे, कधी तिकडे. हे भटकणं आहे, ओढ नव्हे, आणि हा फरक महत्त्वाचा. ओढीला दिशा असते, म्हणून तिला कारण असतं. भटकण्याला दिशा नसते. फक्त कोन राखणाऱ्या यंत्राकडून यापेक्षा जास्त अपेक्षाच करता येत नाही.

शेजारच्या मुलाच्या ट्रिमबद्दल इथंच बोलून घेतो. ट्रिम म्हणजे कायमची थोडीशी उलट झुकवणी. डावीकडे ओढतंय तर दोन घरं उजवीकडे. तेवढ्यापुरतं चालतं, म्हणूनच ते वाईट. केस अडकला असेल तर केस तसाच राहतो आणि त्यावर ट्रिमचा लेप बसतो. उद्या कुणी शहाण्यानं नीट कॅलिब्रेशन केलं की हीच ट्रिम ड्रोनला उजवीकडे ओढायला लागते आणि आता दोष शोधणाऱ्याला दोन चुका एकमेकींत गुंतलेल्या मिळतात. शिवाय बऱ्याच ड्रोनमध्ये ट्रिम फोनच्या अ‍ॅपमध्ये साठते. लॅपटॉपवरून पायथन चालवलं की ती लागूच होत नाही. मग "अ‍ॅपवर नीट उडतं, कोडवर भरकटतं" ही तक्रार ऐकू येते. तपासणीच्या सुरुवातीला ट्रिम शून्यावर आणावी आणि शेवटीही शक्यतो तिथंच ठेवावी.

जागेवर थांबायचं तर जागा दिसायला हवी. त्यासाठी दोन वाटा आहेत: ड्रोनला खाली पाहणारा डोळा द्या, नाहीतर खोलीला ड्रोनकडे पाहणारा.

दुसरी वाट आपल्याकडे महाराष्ट्रातच चांगली रुळली. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या द्रोणा एव्हिएशनचं 'प्लूटो' हे साठेक ग्रॅमचं ड्रोन शिकणाऱ्यांसाठीच बनलेलं. मूळ प्लूटोत जायरो, अ‍ॅक्सेलरोमीटर, चुंबकीय होकायंत्र आणि उंची धरायला हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे. जागा धरायचं काम उडवणाऱ्याकडे. आयआयटी मुंबईतच चालणाऱ्या ई-यंत्र स्पर्धेनं २०१८-१९ साली 'हंग्री बर्ड' या विषयात हेच काम देशभरातल्या कॉलेजच्या मुलांवर टाकलं. भुकेल्या पक्ष्याची भूमिका ड्रोनकडे, छताला कॅमेरा, ड्रोनच्या पाठीवर काळ्या-पांढऱ्या वर्तुळाची खूण. कॅमेरा खूण पाहून ड्रोन कुठं आहे ते सांगतो, लॅपटॉप ते ठरल्या जागेशी ताडून पाहतो आणि वाय-फायवरून झुकायला सांगतो. १९०७ ची चार माणसं इथं पुन्हा कामावर आली, फक्त छतावरून.

ताडून पाहायच्या गणिताला पीआयडी म्हणतात आणि ओढीच्या गोष्टीत त्यातली तीन अक्षरं तीन वेगळी कामं करतात. पी अंतर पाहतो: जितकं लांब, तितकं जोरात परत. नुसता पी असेल तर ड्रोन जागेवरून आरपार जातं, परत येतं, पुन्हा जातं. डी वेग पाहतो आणि जागा जवळ येताना ब्रेक लावतो. एवढ्यावर ड्रोन थांबतं, पण कुठं थांबतं ते पाहण्यासारखं असतं. एका अंशाचं वाकडेपण डोक्यात असलेलं ड्रोन ठरल्या जागेपासून डावीकडे काही अंतरावर निवांत थांबून राहतं, कारण तिथं पीचा उजवा ओढा आणि त्या अंशाचा डावा ओढा बरोबर होतात. ही उरलेली चूक आय खातो. तो चूक साठवत जातो आणि हळूहळू उलटा कोन वाढवतो. आयला एक खोड आहे. ड्रोन हातात धरून कोड चालू ठेवला, तर जागा गाठता न आल्याची चूक तो साठवतच राहतो. हात सोडला की ड्रोन साठलेल्या सगळ्या रागासकट एका बाजूला झेप घेतं. "हातात होतं तोवर ठीक होतं" असं कुणी म्हणालं तर आधी आय पाहावा.

पहिली वाट, खाली पाहणाऱ्या डोळ्याची, २०१८ साली आलेल्या टेलोनं जगभरच्या वर्गांत नेली. शेन्झेनच्या राइझ कंपनीचं, डीजेआयचं उड्डाणतंत्र आणि इंटेलची चिप असलेलं हे ऐंशी ग्रॅमचं ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्यानं फरशीची चित्रं घेत राहतं. फरशीवरचे ठिपके मागे सरकले म्हणजे आपण पुढे गेलो. संगणकाचा प्रकाशाचा माउस हेच करतो. फरक इतकाच की माउसला आपली उंची माहीत असते. ड्रोनला ठिपक्यांचा फक्त कोनातला वेग दिसतो. त्याला उंचीनं गुणलं तर खरा वेग मिळतो, आणि उंची इन्फ्रारेड किरणांनी मोजावी लागते. म्हणून टेबलाच्या कडेवरून जाताना उंची एकदम बदलली की असं ड्रोन दचकतं.

आणि इथं औरंगपुऱ्याच्या घरांचे दोन काळ वेगळे पडतात. जुन्या वाड्यांत शहाबादी फरशी असते: करडी, डागाळलेली, सांधे जाड, प्रत्येक फूट वेगळा. या डोळ्याला यापेक्षा चांगली जमीन मागून मिळणार नाही. नव्या फ्लॅटमध्ये मोठ्या, पांढऱ्या, चकचकीत टाइल्स. त्यांत पकडायला ठिपका नाही हा एक भाग. दुसरा जास्त मजेचा आहे. चकचकीत टाइलमध्ये ड्रोनला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि ते नेहमी बरोबर त्याच्या खालीच असतं. ड्रोन सरकलं की प्रतिबिंबही सोबत सरकतं, डोळा कळवतो, "मी जागेवरच आहे." छतावरच्या ट्यूबचं प्रतिबिंब फरशीच्या पार खाली असल्यासारखं दिसतं, म्हणून ते खऱ्या ठिपक्यांपेक्षा हळू सरकतं आणि वेग कमी मोजला जातो. अशा घरात जुनी वर्तमानपत्रं पसरावीत. जाहिरातीच्या पानांपेक्षा बातम्यांची पानं बरी, अक्षरं बारीक आणि काळी असतात. या शहराच्या हिमरू शालीवरची दाट बुट्टी तर या डोळ्यासाठीच विणल्यासारखी आहे, पण तो प्रयोग करायला आमच्या घरी तरी कुणी परवानगी देणार नाही. रांगोळीवर उडवायचा विचार भाचीनं बोलून दाखवला होता. ठिपके उत्तम, पण वरून येणारा झोत ते पहिल्याच फेरीत घेऊन गेला असता, आणि पोरीला आजींनी.

उजेडही हवा. संध्याकाळी दिवा न लावता उडवलं की हा डोळा मिटतो आणि ड्रोन कोनावर येतं, म्हणजे पुन्हा भटकतं. त्यामुळे "सकाळी थांबतं, संध्याकाळी सरकतं" ही तक्रार यंत्राची नाही, ट्यूबची असते.

कोडकडे सगळ्यात शेवटी आलो. खरं तर पोरं सगळ्यात आधी तिथंच खोदायला लागतात. टेलोच्या आज्ञांत "पुढे शंभर सेंटिमीटर" अशी मोजून जाण्याची आज्ञा असते आणि जॉयस्टिकसारखी 'आरसी' नावाची चार आकड्यांची असते: डावे-उजवे, पुढे-मागे, वर-खाली, वळण, प्रत्येक उणे शंभर ते शंभर. या दुसरीचा स्वभाव असा की दिलेले आकडे पुढची आज्ञा येईपर्यंत चालूच राहतात. डावीकडे उणे दहा देऊन शून्य द्यायला विसरलं की ड्रोन डावीकडे जातच राहणार आणि त्याला ओढ म्हणून नाव पडणार. शून्य दिलं, पण ते पोचलंच नाही, असंही होतं. आज्ञा २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवरून जातात आणि त्या पद्धतीत पोच मिळायची हमी नसते. औरंगपुऱ्यात लॅपटॉपवर शेजाऱ्यांच्या राउटरची यादी उघडली तर पान संपत नाही. शून्य एकदा पाठवू नये, पाठवत राहावं. खरी जॉयस्टिक जोडली असेल तर ती सोडल्यावरही दोन-तीन आकडा दाखवते. कोडमध्ये पाचच्या आतलं सगळं शून्य मानावं.

आणखी एक फसवी चूक वळणाची. ड्रोन सरळ गेलं, पण नाक तीन अंश वाकडं होतं. पाच मीटर जाऊन ते २६ सेंटिमीटर बाजूला पोचतं. पाहणाऱ्याला वाटतं सरकलं. ते सरकलं नाही, वाकडं निघालं. चौकोन काढायच्या कोडमध्ये चौथी बाजू पहिलीला मिळत नाही, ती याच कारणानं. होकायंत्र असलेल्या ड्रोनला तर लोखंडी कपाटही पुरतं, स्लॅबमधल्या सळ्या वेगळ्याच.

बाहेर नेऊन पाहू का, हा प्रश्न येतोच. अडीचशे ग्रॅमच्या आतलं नॅनो ड्रोन उडवायला २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे पायलटचा परवाना लागत नाही. पण चिकलठाण्याचा विमानतळ शहराला लागून आहे, तेव्हा डिजिटल स्कायचा नकाशा पाहिल्याशिवाय गच्चीवर जाऊ नये. गच्चीवर तसं शिकायलाही काही मिळत नाही. टेलोचा कमाल वेग सेकंदाला आठ मीटर, आणि दुपारचं वारं त्यातला बराचसा हिस्सा नुसतं उभं राहायलाच घेतं.

दुरुस्ती शिकून घ्यावी याला आता आणखी एक कारण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचं तयार ड्रोन संशोधन, संरक्षण, सुरक्षा असे अपवाद सोडून देशात आणता येत नाही. सुटे भाग मात्र आणता येतात. त्यामुळे जुनी ड्रोन मोटरी बदलून-बदलून चालवली जातात. भाचीच्या ड्रोनलाही आता बॅटरी उतरली की मागचा डावा कोपरा जड जातो, आणि ती मोटर सर्वांत आधी तापते. केस गेला, पण ब्रश झिजवून गेला असावा. नवी मोटर घेताना आकार आणि दांडीची जाडी जुळवावीच लागते, पण तारांचे रंग आधी पाहायचे: बहुतेक अशा मोटरींत लाल-निळ्या तारांची घड्याळाच्या दिशेची, काळ्या-पांढऱ्या तारांची उलट. पैठणगेटच्या त्याच टेबलावर ती डाख देऊन बसवायला दिली आहे. कारागिरानं विचारलं, "उल्टी वाली लगा दी तो?" भाचीला उत्तर पाठ होतं. त्या कोपऱ्याचं पातं हवा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलतं, आणि ड्रोन डावीकडे जात नाही की उजवीकडे. उठायच्या आतच पाठीवर पडतं.